सहा नंबरची पेटी

“आता पाळीपाळीनं नको,” केळुसकर साहेब म्हणाले. “सगळे एकदम बोलू देत.”

दिल्लीहून आलेल्या समितीचे ते अध्यक्ष. सकाळपासून त्यांनी चहाला हात लावला नव्हता की कशाला बरं म्हटलं नव्हतं. आता मात्र खुर्ची सोडून ते पडद्यांपाशी येऊन उभे राहिले. गळतगे सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी होते. मी पलीकडे वळून म्हणाले, “करा सुरू.”

बोलायचं म्हणजे तोंडानं नव्हे. पलीकडच्या खोलीत आठ कॉम्प्युटर मांडले होते, ऑफिसातून आणि लायब्ररीतून त्याच सकाळी उसने आणलेले. त्यांच्यापुढे आमच्याच कॉलेजातली आठ माणसं बसली होती: हेडक्लार्क, ग्रंथपाल बाई, दोन-तीन लेक्चरर, ज्याला म्हणून टाइप करता येतं तो. प्रत्येकानं आपल्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा टाइप करायचं. अलीकडच्या खोलीत आठ पडदे. आणि मधे केसाएवढा एकच काचेचा धागा, त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येकाची एकेक पेटी. आठही जणांची अक्षरं प्रकाशाच्या ठिणग्या होऊन त्या एका धाग्यातून एकाच वेळी यायची, आणि तरी एकमेकांत न मिसळता आपापल्या पडद्यावर उमटायची. पाच वर्षांचं काम होतं ते. सरांचं, माझं आणि गौसभाईंचं.

पलीकडे कळांची टकटक सुरू झाली. पडद्यांवर गावं यायला लागली. कवठे, कवठे, कवठे. विटा, विटा. पलूस, जत, आष्टा. सरांचा चेहरा खुलला.

दोन नंबरच्या पडद्यावर ग्रंथपाल बाईंचं तासगाव तीनदा नीट आलं. चौथ्यांदा त्यात एक भलतंच अक्षर घुसलं. पाचव्यांदा दोन. मग तासगावाचा पार विचका झाला.

“हे काय?” केळुसकर साहेबांनी विचारलं.

सर दोनदा खाकरले. “एकेक बंद करत चला,” त्यांनी मला सांगितलं. मी पलीकडे सांगत गेले. आठ बंद. विचका तसाच. सात बंद. थोडा कमी. सहा बंद केल्याबरोबर तासगाव स्वच्छ यायला लागलं. मग बाकी सगळे चालू केले, एकट्या सहाला गप्प ठेवलं. तासगाव स्वच्छ. सहा चालू केलं, की परत विचका.

“म्हणजे सहाची पेटी चुकीची आहे,” केळुसकर साहेब म्हणाले. ते काही अडाणी नव्हते.

सरांनी सहा नंबरची पेटी टेबलावर ओढली, झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. सरांनी ती मोठ्यानं वाचली. “सहा. गौ. स.” मग दाराकडे बघून म्हणाले, “गौस, ही पेटी तुम्ही केली?”

गौसभाई दारात फडकं घेऊन उभे होते. त्यांनी पेटीकडे बघितलं नाही. सरांकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

पेटी मी केली होती.

*

एक्क्याण्णव सालची ही गोष्ट. सांगली भागातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, नाव घेत नाही. समितीनं प्रयोग पास केला तर आम्हाला दुसरा टप्पा मिळणार होता आणि त्या टप्प्यात दोन जागा कायम होणार होत्या. एक माझी. एक गौसभाईंची. माझी नोकरी पाच वर्षं तात्पुरती होती, त्यांची अकरा वर्षं रोजंदारीवर.

सरांची कल्पना सांगायला सोपी आणि करायला जीवघेणी होती. तेव्हा एका तारेवर अनेकांना बोलायचं तर पाळी लावायला लागायची. एक बोलला की बाकीचे गप्प. सर म्हणायचे, गप्प कशाला बसायचं? प्रत्येकाच्या ठिणगीला एक चाल द्या. एका ठिणगीच्या तीन ठिणग्या करा, आणि त्या तिघींमधली दोन अंतरं प्रत्येकाची वेगळी ठेवा. पलीकडे तसलीच पेटी उलटी लावली, की आपल्या माणसाच्या तिन्ही ठिणग्या एका क्षणी एकत्र येतात आणि लख्ख उजेड पडतो. परक्याच्या ठिणग्या सुट्या सुट्या येतात, त्या सोडून द्यायच्या. तीन एकत्र आल्या तर आपला, नाहीतर नाही.

“पण एक लक्षात ठेव, शरयू,” सर मला सांगायचे. “रेडिओवाल्यांचं बरं आहे, त्यांच्याकडे अधिक-उणे आहे, नको ते खोडता येतं. आपल्याकडे वजाबाकी नाही. प्रकाश आहे तर आहे. एकदा पडलेली ठिणगी परत पुसता येत नाही. म्हणून कुठलंही अंतर दोन पेट्यांत सारखं येता कामा नये.”

हे अंतर कशानं ठेवायचं? धाग्याच्या लांबीनं. लांब गुंडाळीतून ठिणगी उशिरा पोचते, आखूड गुंडाळीतून लवकर. प्रत्येक पेटीत दोन गुंडाळ्या. त्या मोजून घालायच्या. आणि ते काम आख्ख्या कॉलेजात एकाच माणसाला जमायचं.

गौस सतारमेकर मिरजेचे. घरात पिढ्यान् पिढ्या सतारी करायच्या. भावाभावांत पटेना म्हणून हे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आले होते. त्यांनी सतारीला वापरतात त्या तुणाच्या लाकडाचं एक चाक केलं होतं, त्यावर एक वेढा घातला की बरोबर एक मीटर. सरांच्या हिशोबात सगळे आकडे सम होते, दोन वेढे म्हणजे वेळेचं एक घर. गौसभाई धागा जोडीनं गुंडाळायचे, पाठवायच्या पेटीचा आणि ऐकायच्या पेटीचा एकाच वेळी, दोन पदर करून. “म्हणजे ह्या दोघी बहिणी एकमेकींशी कधी चुकत नाहीत,” ते म्हणायचे. “चुकल्या तर दोघी मिळून चुकतात.”

चिठ्ठीची रीतही त्यांचीच. त्यांच्या घरात करणारा माणूस सतारीच्या आत, जिथं फक्त दुरुस्तीवाल्यालाच दिसेल अशा जागी, आपलं नाव लावायचा. बाहेर नाव दुकानाचं, आत माणसाचं. तशी त्यांनी आमच्या पेट्यांना लावली. सर हसायचे. “गौस, ही काय सतार आहे?” ते म्हणायचे, “आवाजाचंच काम आहे की, साहेब.”

आता माझं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले होते. घरचे सगळे महिने मोजायचे, मी आठवडे मोजायचे. इंजिनिअरची खोड, दुसरं काय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी लाल पेन्सिलीनं त्या आठवड्याचा आकडा लिहायचा. सातव्या महिन्यात पोटातलं हलायचं थांबलं. मुलगी होती. मला दाखवली नाही. “नको बघूस, डोळ्यांपुढनं जाणार नाही,” असं सासूबाई म्हणाल्या आणि मी हो म्हटलं.

सव्वा महिन्यानं कामावर आले. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तशी मी सगळीच झाले होते. भूक लागायची नाही, झोप यायची, रडू येत नव्हतं. लोक माझ्यासमोर आवाज खाली करायचे. सर फक्त म्हणाले, “काम आहे भरपूर.” तेही बरंच होतं. एकट्या गौसभाईंनी पहिल्या दिवशी फडक्यानं माझं स्टूल पुसून दिलं आणि विचारलं, “मुलगी होती का, बाई?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “अल्ला तिला सुखात ठेवो.” आणि धागा सोलायला बसले. तिच्याबद्दल कुणी बोललेलं ते एवढंच.

समिती यायच्या आधल्या आठवड्यात मिरजेचा उरूस आला. उरसाला त्यांना जायलाच लागायचं. सात जोड्या झाल्या होत्या, सहा नंबरची तेवढी राहिली होती.

“एवढी तुम्ही करा, बाई,” ते म्हणाले. “पेटी तयार आहे, चिठ्ठी मी लावून ठेवलीय. फक्त दोन गुंडाळ्या. बारा वेढे आणि तीस वेढे. जोडीनं. मोजताना कुणी हाक मारली तर ‘ओ’ द्यायची नाही. दिलीत, तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.”

“चिठ्ठी बदलू का? माझ्या नावाची?”

“कशाला? तुम्ही काय, मी काय.”

मी गुंडाळ्या घातल्या. भर दुपारी, खिडकीच्या उजेडात. मला कुणी हाक मारली नाही. फोन वाजला नाही. चाक फिरवलं, मोजलं, टोकं जोडली, झाकण लावलं. एकटी लावून बघितली, चालली. दोन-दोन, तीन-तीन करून बघितल्या, चालल्या. आठ कॉम्प्युटर एकदम हातात नव्हतेच, त्यामुळे आठही पेट्या एकत्र लावून कुणी बघितल्या नाहीत. मधे मी चुकले कधी, हे मला कळलं नाही.

*

“गौस, ही पेटी तुम्ही केली?” सरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

गौसभाई माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे, घाईनंही नव्हे. रस्ता ओलांडताना आपण दुसऱ्याला आधी जाऊ देतो तसे ते थांबले होते. माझी पाळी होती.

मला सगळं कळत होतं. हे आत्ता बोललं नाही तर काय होईल, तेही कळत होतं. लोक म्हणतात तोंडाला कुलूप बसलं, भीती वाटली, जीभ टाळ्याला चिकटली. मला तसलं काही झालं नाही. मला भीती वाटत नव्हती. मला काहीच वाटत नव्हतं. मी केळुसकर साहेबांच्या कोटाच्या बटणाकडे बघत होते, ते एका दोऱ्यावर लोंबत होतं, आणि मनात म्हणत होते, हे आता पडणार. मिठाची गुळणी धरावी तशी मी उभी राहिले.

“चिठ्ठी माझी आहे, साहेब,” गौसभाई म्हणाले.

खोटं ते एक अक्षर बोलले नाहीत.

सरांनी पेटी खाली ठेवली. “अहो, एवढं समजावून सांगितलं होतं. सहाच्या एका अंतराची गाठ दोनच्या एका अंतराशी पडली आहे. सहाच्या दोन ठिणग्या तिकडे एकत्र पोचतात. तिसरी कुणाचीही चालते, झाला खोटा उजेड. कुठे लक्ष होतं तुमचं? उरसात?”

गौसभाईंनी फडक्याची घडी घातली.

केळुसकर साहेब म्हणाले, “गळतगे, कल्पनेत दोष दिसत नाही. आम्ही जरा आत बसतो.” आणि समिती सरांना घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली. टाइप करणारी माणसं चहाला गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

गौसभाईंनी सहाची पेटी उचलली, खिडकीपाशी नेली, माझ्याकडे पाठ करून बसले. झाकण उघडून सुई घेऊन काहीतरी करत होते.

“काय करताय?” मी विचारलं.

“काही नाही. बघतोय.”

अर्धा तास तरी समिती आत होती. एवढा वेळ आम्ही दोघंच होतो. केबिनचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. दारावर टकटक करून एक वाक्य बोलायचं होतं, सर, ती पेटी माझी. मी टेबलावरच्या धाग्याच्या कापलेल्या टोकांचे तुकडे बोटानं गोळा केले आणि काचेच्या बाटलीत टाकले. ते बोटात घुसतात म्हणून बाटलीत टाकायचे असतात. एक घुसलाच. रक्त आलं, दुखलं नाही.

सर बाहेर आले ते हसत आले. मग गौसभाईंना बघून त्यांचं हसू मावळलं.

“पास,” सर मला म्हणाले. “दुसरा टप्पा मिळाला. तुझी जागाही.” मग ते गौसभाईंकडे वळले. “गौस, त्यांचं म्हणणं पडलं की अशा कामाला डिप्लोमा झालेला माणूस हवा. मी बोललो तुमच्या बाजूनं. पण समोरच विचका झाल्यावर मी तरी काय बोलणार? वर्कशॉपमध्ये विचारतो. पण तिथंही आता...”

“असू द्या, साहेब.”

“तुमची चूक नडली हो. वाईट वाटतं.”

“असू द्या.”

त्यांनी डबा पिशवीत घातला. भिंतीवरचा कोट घातला. मग तुणाचं चाक बगलेत मारलं. ते चाक त्यांचं स्वतःचं होतं, कॉलेजच्या दप्तरात त्याची नोंद नव्हती. दारात ते माझ्यापाशी थांबले.

“येतो, बाई.”

मी म्हटलं, “या.”

अकरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मी एक अक्षर बोलले, ते हे. चपला घालताना चाक त्यांच्या बगलेतून निसटत होतं. मी धरायला पुढे झाले नाही. घरी गेले, जेवले, झोपले. नवऱ्यानं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, पास.

*

सुन्नपण पुढे ओसरलं. कधी ते सांगता येत नाही, वर्ष-दीड वर्षानं असेल. मुलगा झाला. सरांचं आणि माझं नाव लागून शोधनिबंध छापले गेले. सर गेले. एका धाग्यावर अनेकांनी एकदम बोलायचं, ह्यात आता नवल राहिलेलं नाही, लोकांनी आमच्यापेक्षा फार पुढच्या युक्त्या काढल्या. मी प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले. मुलांना शिकवताना दरवर्षी सांगायचे, प्रकाशात वजाबाकी नसते, आणि दरवर्षी फळा पुसायला वळायचे.

मिरज आमच्याकडून दहा-अकरा किलोमीटर. चोवीस वर्षांत मी मिरजेला डॉक्टरकडे गेले, लग्नांना गेले, रेल्वे पकडायला गेले. सतारमेकर गल्लीत गेले नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात प्रयोगशाळेतलं जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं. कपाटाच्या तळाशी सहा नंबरची पेटी निघाली. नवी जोडी केल्यावर ही तिथं टाकून दिली होती. झाकण उघडलं. सहा. गौ. स. शाई पिवळी पडली होती. मी ती पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

दुकान छोटंसं. भिंतीला भोपळे टांगलेले. गौसभाई गादीवर बसून तारांची भेंडोळी लावत होते. केस पांढरे, चष्मा जाड. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि या म्हटलं नाही.

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. “ही मी केली होती.”

“मला माहीत नाही होय?”

“मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं.”

“पाहिजे होतं की.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी उभीच होते. बाहेर कुणीतरी सतार जुळवत होतं, एकच तार पुन्हा पुन्हा.

“तुम्ही बोलाल म्हणून मी आधी गप्प बसलो,” ते म्हणाले. “मग तुम्ही बोलला नाहीत म्हणून गप्प बसलो. म्हटलं, हिचं लेकरू गेलंय, हिला काय बोलायचं? तुमचं दुःख मोठं होतं, बाई. पण माझं घर काय लहान होतं? माझ्या पोरीला, रजियाला, मास्तरीण करायचं होतं मला. बारावीला शाळेत पहिली आली होती ती. इथं भावांच्या हाताखाली येऊन बसलो, तिचं शिकणं तिथंच थांबलं, लग्न करून दिलं. मी नमाजात माफ करतो म्हणायचो आणि उठलो की परत राग यायचा. आजपण आहे.”

“असणारच,” मी म्हटलं.

“कुणाला सांगितलं कधी?”

“नाही.”

“सरांना?”

“नाही. सर गेले.”

“मग माझं नाव तिथं अजून तसंच आहे. हलगर्जी माणूस म्हणून.”

“शनिवारी माझा निरोपसमारंभ आहे. सगळे असतील. तिथं सांगते.”

“बघू,” ते म्हणाले.

त्यांनी पेटी मांडीवर घेतली, बोट चिठ्ठीवरून फिरवलं. मग लांब गुंडाळीवर नेऊन थांबवलं.

“अठ्ठावीस आहेत ह्यात,” ते म्हणाले. “त्याच दिवशी मोजले मी, सुईनं, तुम्ही मागं उभ्या होता. तीस पाहिजे होते, अठ्ठावीस आहेत. दोन नंबरच्या लांब गुंडाळीत पण अठ्ठावीसच होते, म्हणून त्या दोघी भिडल्या.”

मी वाकून त्या गुंडाळीकडे बघितलं.

“एक विचारू? रागानं नाही विचारत. चोवीस वर्षं डोक्यात आहे माझ्या. माणूस मोजताना चुकतो तो एकानं चुकतो. विसरतो, एक राहतो नाहीतर एक जास्त होतो. हाक मारली तर चुकतो. तुम्हाला कुणी हाक मारली होती?”

“नाही.”

“मग गोल आकडा तोंडावर आला असताना, दोन राहिले असताना, माणूस हात का थांबवतो? अठ्ठावीसला काय होतं, बाई?”

मी अंगठ्यानं पिशवीचा बंद आवळत होते. मला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दिसलं. लाल पेन्सिल. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. आणि त्याच्या खालचे कोरे सोमवार. त्या दुपारी मी खिडकीपाशी बसून मोजत गेले होते, आणि आकडे जिथं संपत होते तिथं थांबले होते. त्याच्यापुढे माझ्याकडे आकडा नव्हता.

“अठ्ठाविसाव्या आठवड्यात गेली ती,” मी म्हटलं.

गौसभाईंनी पेटीचं झाकण लावलं. त्यावर हात ठेवला. बाहेरची तार जुळली की काय कोण जाणे, आवाज थांबला होता.

मग त्यांनी गादीमागून तुणाचं चाक ओढून काढलं. तेच. कडा झिजून काळ्या पडल्या होत्या. पितळी तारेचं रीळ माझ्या बाजूला सरकवलं.

“बसा,” ते म्हणाले. “तीस वेढे काढून द्या. मोठ्यानं मोजा, मला आता दिसत नाही नीट.”

मी चपला काढून गादीच्या कडेला बसले. तारेचं टोक खाचेत अडकवलं आणि चाक फिरवायला लागले. एक. दोन. तीन. दहाच्या पुढे माझा आवाज नीट झाला. वीस. पंचवीस. गौसभाई तार बोटांतून सोडत होते, सारखी, न ओढता. सव्वीस. सत्तावीस.

“अठ्ठावीस,” मी म्हटलं, आणि हात थांबला.

“थांबू नका. तार सैल पडते.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. चोवीस वर्षं राहिलेलं, आता कुणी मागितलं म्हणून निघालेलं. मला ती बघायची होती. मी हो म्हणायला नको होतं. मला ती बघायची होती.

“पुढं,” गौसभाई म्हणाले.

“एकोणतीस.”

“पुढं.”

“तीस,” मी म्हटलं, आणि त्यांनी कात्रीनं तार कापून टोक गाठ मारायला माझ्या हातात दिलं.